इमलीला दिलेलं नाव

दे इकडे तो कागद, सही करते. उभी का अशी, बस ना. ओटल्यावर डास आहेत थोडे, पण आत नको. आत हे आहेत.

शेव घे चहाबरोबर. तुम्ही साताऱ्याची माणसं बिस्किटं बुडवता, माहीत आहे मला. इंदुरात राहायचं तर शेव खायला शिक, प्रियंका. आम्ही पागे लोक चार पिढ्या इथले. आधी होळकरांच्या दफ्तरात पागे, मग बिजली बोर्डात पागे, आता पेन्शनीत पागे. मराठी आमची अशी खिचडी झालेली आहे, तुला हसू येत असेल, तर हस.

सही हवी तेवढ्या वेळा करते. मोर्चा काढलात तर गुडघे धरून येईन. पण तू आत्ता आल्या आल्या जे म्हणालीस ना, की काकू, मागच्या वेळी तुम्ही झाडांना गेलेल्या माणसांच्या पाट्या लावून बगीचा वाचवला, तसंच आता नव्या रोपांना करू या, ते मात्र नको. पाटी नको. का, ते सांगते. दिवेलागणीला अजून थोडा वेळ आहे.

आपला बगीचा म्हणजे आहे काय ग, दोन बाकं, एक वाकडी घसरगुंडी आणि झाडं. पण झाडं बघ. निंब, जांभूळ, आंबे, आणि अगदी शेवटी, भिंतीला लागून ती इमली. चिंच म्हण तुझ्या भाषेत. ह्यांची बायपास झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चालवा त्यांना, नाहीतर कठीण आहे. चालवणार कुठे? सडकेवर ई-रिक्षा अंगावर येतात. बगीचा होता म्हणून हे जगले. म्हणून मी भांडले. लोक मला पर्यावरणवाली काकू म्हणतात ते सगळं झूठ आहे. मला माझा नवरा हवा होता, बस.

गेल्या वर्षी पावसाळ्यात कळलं, की मागच्या मैदानात कोणा बिल्डरची उंच बिल्डिंग उठणार आहे आणि तिला जायला रस्ता हवा आहे. तो रस्ता सरळ आपल्या बगीच्यातून. त्याने जो नकाशा दिला होता त्यात बगीच्याच्या जागी लिहिलं होतं, रिक्त भूमी. रिक्त म्हणे. याच ओटल्यावर मीटिंग झाली. मोहन भिया होते, आपल्या कॉलनीचे अध्यक्ष, सियागंजात दुकान आहे त्यांचं. शेजारची वसुंधरा होती. हे होते, मी होते. अर्ज झाले, निवेदनं झाली, काही हलेना.

वसुंधरा म्हणाली, माझ्या सासूबाईंची राख आम्ही त्या आंब्याच्या मुळाशी घातलेली आहे, त्या आंब्याला हात लावून दाखवावा कोणी. आणि मोहन भियांनी मांडीवर थाप मारली. "बस, भाभीजी, यही करना है. हर पेड़ पर एक स्वर्गवासी." रिकाम्या जमिनीवर बुलडोझर चालतो, पण कोणाच्या आईवर कोण चालवणार? मलाही पटलं. आजही म्हणते, डोकं चांगलंच होतं.

मग काय, पत्र्याच्या पाट्या आल्या, हिरव्यावर पांढरी अक्षरं. घराघरातून गेलेली माणसं बाहेर निघाली. लोक भांडले पण. कोणाच्या वडिलांना जांभूळ मिळालं आणि कोणाच्या सासऱ्यांना नुसताच सप्तपर्णी, म्हणून अबोला झाला. ते सगळं चालायचंच. अडलं ते इमलीपाशी. रस्त्याची मोजणी नेमकी तिच्यावरून जात होती, म्हणजे सगळ्यात जरुरी झाड तेच. आणि इमलीखाली आपला माणूस द्यायला एक घर तयार होईना. इमलीवर काय राहतं ते मालव्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. "बाबूजी को भूत के साथ थोड़ी बिठाएंगे," असं म्हणून लोक हात जोडायचे.

तेव्हा हे हसून म्हणाले, "कोणी देत नाही ना, तर आपण एक नवीनच मेलाय असं समजू."

पेंटर म्हणाला, नाव बोला. हे म्हणाले, हरी. माझ्या सासूबाईंच्या मनात होतं, दुसरा मुलगा झाला तर हरी ठेवायचं. दुसरा झालाच नाही. हे एकुलते एक, ना भाऊ ना बहीण. पेंटर म्हणाला, आगे का? ह्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं, आपलं आडनाव दिलं. कै. हरी विनायक पागे. मी म्हटलं, चिंतामणराव, म्हातारपणी भाऊ झाला हो तुम्हाला, पेढे वाटा. ह्यांनी खरंच मूठभर रेवड्या वाटल्या. फार हसलो आम्ही त्या दिवशी.

पाहणीला नगर निगमचे साहेब येणार ती तारीख निघाली ती नेमकी सर्वपित्री अमावास्येची. मोहन भियांना तर आभाळ ठेंगणं झालं. बगीच्यातच श्राद्ध करायचं, सगळ्यांचं मिळून, साहेबांच्या समोर, चॅनेलवाल्यांच्या समोर. मी खीर केली, उडदाचे वडे केले, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. प्रत्येक झाडाखाली एक पान. वेदांत गुरुजी बेटम्याहून एक श्राद्ध आटपून मोटरसायकलवर आले, पोरगेलाच आहे, पण चोख सांगतो. सगळ्या झाडांपाशी नाव, गोत्र, नातं विचारत विचारत तो शेवटी इमलीपाशी आला. साहेब मागे, कॅमेरा मागे.

"यांचं कोण करणार? नातं काय?"

अग, पाटीवर नाव लिहिणं वेगळं, आणि हातात तीळ घेऊन नाव, गोत्र, नातं सांगून पाणी सोडणं वेगळं. मी ह्यांचा सदरा मागून ओढलासुद्धा. पण साहेब बघत होते. हे पुढे झाले आणि म्हणाले, "धाकटा भाऊ माझा." गोत्र सांगितलं काश्यप. आणि पाणी सोडलं.

मग कावळा. बाकीच्या पानांना एकेक करून कावळे शिवले, इमलीच्या पानाला शिवेना. भिंतीवर एक बसला होता, काळाभोर, मान वाकडी करून पानाकडे बघत होता, खाली येत नव्हता. पाऊस नुकताच थांबलेला, उन्हं निघालेली, गवतातून वाफ येत होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोहन भिया माझ्या कानाशी आले, घामाघूम. "भाभीजी, ये कव्वा मरवाएगा."

कावळा शिवत नाही तेव्हा आपल्यात काय करतात, तुला सांगायला नको. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो. जवळचा माणूस हात जोडून म्हणतो, तुझं राहिलं असेल ते मी बघतो, काळजी करू नको. ह्यांनी हात जोडले. आधी जरा नाटकीच जोडले, खोटं कशाला सांगू. पण मग ह्यांचा आवाज बदलला. एकुलत्या एक माणसाच्या मनात काय काय साठलेलं असतं, इतकी वर्षं संसार करूनही मला ते दिसलं नव्हतं.

"ये रे, हरी," हे म्हणाले. "असा परक्यासारखा नको बसू. घर तुझंच आहे. घरी ये."

कावळा उतरला. एक वडा चोचीत धरला आणि इमलीत शिरला.

साहेबांनी चपला काढून नमस्कार केला. रस्ता बगीच्याला वळसा घालून न्यावा असा शेरा त्यांनी मारला. बिल्डर कोर्टात गेला, पण काम थांबलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या कॉलनीने बगीच्यात पोहे-जलेबी खाल्ली. आणि मी घरी येऊन बघते, तर मागच्या खोलीतल्या पलंगाची मच्छरदाणी खाली सोडलेली. त्या खोलीत कोणी झोपत नाही. मच्छरदाणी वर बांधून ठेवते मी. म्हटलं, ह्यांनी दुपारी अंग टाकलं असेल. आत हात घातला, तर गादी ऊबदार होती... आणि वास आला. ओल्या मातीचा, आणि त्यात इमलीच्या कोवळ्या पाल्याचा असतो ना आंबट, तसा. हे तर सकाळपासून बगीच्यातच होते.

मी घाबरट नाही, प्रियंका. शाळेत आठवीचे वर्ग सांभाळलेत मी, भुतं काय चीज आहेत. मच्छरदाणी वर बांधली आणि कामाला लागले. पण ती रोज खाली असायची.

मग ह्यांचं बगीच्यात बसणं वाढलं. इमलीखालच्या बाकावर, एका बाजूला सरकून, दुसऱ्यासाठी जागा ठेवल्यासारखे. मी चेष्टा करायची, कसा आहे भाऊ? हेही चेष्टेतच सांगायचे. म्हणायचे, लहानपणी तो इथल्याच लालबागच्या जत्रेत हरवला होता, मी शोधून काढला, रडून रडून नाक लाल केलं होतं त्याने. एक दिवस माझ्या लक्षात आलं की हे आता हसत नाहीत सांगताना. मी म्हटलं, अहो, तुम्हाला भाऊ नव्हता. हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांच्या आईला शिवी दिली.

पुण्याहून नीरजाचा फोन यायचा, आमची मुलगी. एकदा म्हणाली, "आई, बाबांना हरीकाकांची फार आठवण येते ग, तू जरा समजून घे." मी म्हटलं, कुठला हरीकाका, बयो? ती म्हणाली, "आई, असं काय करतेस? फोटो नाही का त्यांचा, आजोबांच्या मांडीवरचा?" घरात असा एकही फोटो नाही. मी सगळे अल्बम पालथे घातले.

आणि वसुंधरा एका संध्याकाळी सहज म्हणून गेली, "चिंतामणराव आज कोणाबरोबर बसले होते हो? पाठमोराच दिसला. मान अगदी तुमच्या सासऱ्यांसारखी." वसुंधरा पाट्या लावताना माझ्या शेजारी उभी होती. हरी कसा जन्माला आला ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिला आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "हो का? असेल बाई." आणि घरात निघून गेली.

तेव्हा मात्र मी मोहन भियांकडे गेले. म्हटलं, भिया, इमलीची पाटी काढा. ते खुर्चीतून उठलेच. "भाभीजी, केस चल रहा है. एक नाम झूठा निकला तो वो बोलेंगे सब झूठे. पूरा बगीचा जाएगा." खोटं नव्हतं ते. बगीचा गेला तर हे गेले, आणि पाटी राहिली तर... काय ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं, पण ह्यांचं माझ्याकडे येणं कमी होत होतं, एवढं कळत होतं. जेवताना समोर असायचे, पण मन बाकावर. रात्री मला झोप लागायची नाही. मागच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज यायचा आणि हे माझ्या शेजारी शांत घोरत असायचे. कोणाला सांगणार? आपणच पाणी सोडून बोलावलेल्याला बाहेर कोण काढणार?

मी मनाशी ठरवलं, पुढच्या अमावास्येला त्याचं पान वाढायचं नाही. उपाशी ठेवायचा. खायला नाही मिळालं की जाईल आला तसा.

हा आत्ताचा भाद्रपद. पुन्हा बगीच्यात श्राद्ध झालं. साहेब नव्हते, कॅमेरा नव्हता, पण लोकांना आता सवय लागली होती. मी खीर केली, वडे केले, आणि इमलीखाली काहीच ठेवलं नाही. वेदांत गुरुजींनी एकदा इमलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काकू, एकदा वाढलेलं मोडू नये." मी म्हटलं, तुमचं काम करा.

त्या दिवशी एकाही पानाला कावळा शिवला नाही. माझ्या सासू-सासऱ्यांच्या नाही, वसुंधराच्या सासूच्या नाही, कोणाच्याच नाही. कावळे होते ग. इमलीवर गच्च बसले होते, फांद्या वाकल्या होत्या, आणि आवाज नाही. इतके कावळे आणि एकही ओरडत नाही, असं मी कधी पाहिलेलं नाही. ऊन चढलं. खिरीवर माशा आल्या. म्हातारी माणसं रडकुंडीला आली, आमच्या माणसांना का उपाशी ठेवलंत म्हणून माझ्याकडे बघायला लागली.

शेवटी मीच पान वाढून इमलीखाली ठेवलं. तोऱ्यातच ठेवलं. कावळे हलले नाहीत. गुरुजी हळूच म्हणाले, "काही मागणं असेल..." मी हात जोडले. म्हटलं, बाबा, दर वर्षी पान ठेवीन. नाही. तुझ्या नावाने अन्नदान करीन. नाही. तुझ्या झाडाला कधी कोणी हात लावणार नाही, मी बघते. एक पंख हलला नाही.

हे माझ्या शेजारी उभे होते. अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाले, "तसं नाही, शालू. त्याला एकटं वाटतं."

मी ह्यांचा हात धरला. घट्ट धरला, नखं रुतली असतील. म्हटलं, काही बोलू नका. देवाची शपथ आहे तुम्हाला, काही बोलू नका. ह्यांनी माझा हात थोपटला, आणि वर बघून म्हणाले, "मी येतो रे."

सगळे कावळे एकदम उतरले. क्षणात एकेक पान साफ. लोकांनी सुस्कारे सोडले, मोहन भियांनी जयजयकार केला. मी ह्यांचा हात सोडला नव्हता. तो हात माझ्या हातात होता तसाच होता, ऊबदार, पण त्याने माझा हात धरलेला नव्हता. एवढंच सांगू शकते तुला. त्या क्षणी काय झालं ते विचारशील, तर मला एवढंच माहीत आहे.

मी घरी आणलं त्यांना. वाटलं होतं, आता बिछाना धरतील, दोन दिवसांत जातील. कुठलं काय. गुडघेदुखी गेली. चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले. डॉक्टरांकडे नेलं तर म्हणाले, "काका तो एकदम फिट हैं, आपको क्या टेन्शन है?" काय टेन्शन सांगू? की हा माणूस खुर्चीच्या कडेला बसतो, पाहुण्यासारखा? की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही? लग्न झाल्यापासून ह्यांनी शेवेशिवाय घास खाल्लेला नाही, आणि आता शेव बाजूला काढून ठेवतात आणि खीर मागतात. पहिल्याच दिवसापासून मागच्या खोलीत झोपायला जातात. माझ्याकडे बघताना मान खाली असते. मला नावाने हाक मारत नाहीत. शालू नाही, अग नाही.

मी दहा-बारा दिवस सहन केलं आणि एका संध्याकाळी तडक बगीच्यात गेले. इमलीला शिव्या द्यायलाच गेले होते, खरं सांगते. बाकावर बसले. अंधार पडायला लागला होता, मुलं घरी गेली होती. पाला हलत होता वर, वारा नसताना. आणि मला पाढे ऐकू आले.

ह्यांना चालताना पाढे म्हणायची सवय, डोकं गंजू नये म्हणून. पुटपुटायचे, शेजारच्यालाही कळायचं नाही. एकोणतीसच्या पाढ्यात हमखास एकाच ठिकाणी अडायचे, आणि मी सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. झाडाच्या बुंध्यातून म्हण, मुळातून म्हण, कुठून येत होतं माहीत नाही... एकोणतीस सख चौऱ्याहत्तराशे. एकोणतीस सत्ते... आणि थांबलं. पुन्हा, एकोणतीस सत्ते...

मी म्हटलं, दोनशे तीन.

मग तो पुढे गेला, पाढा. एकोणतीस अठ्ठे बत्तिसादोन.

मी तिथे इतकी रडले, प्रियंका. वॉचमन येऊन म्हणाला, अम्मा, तबीयत ठीक है? मी म्हटलं, हो रे बाबा, ठीक आहे. तेव्हापासून रोज जाते. लोकांना वाटतं, काकू झाडांवर लक्ष ठेवायला जाते. बोलते मी थोडं, नीरजाचं सांगते, दूधवाल्याचं सांगते. ते बोलत नाहीत, फक्त पाढे. अलीकडे आवाज जरा आत गेल्यासारखा वाटतो. पण आहे.

आणि तू आज हा कागद घेऊन आलीस, की कोर्टातून बिल्डरला पुन्हा मोजणीची परवानगी मिळाली आणि इमली पुन्हा रेषेत आली. तुझ्यासाठी ते एक झाड आहे. चांगलं आहे, तुझ्यासारख्या पोरी झाडांसाठी दारोदार फिरतात, मला कौतुक आहे. पण इमली पडली तर माझा माणूस कुठे जाईल ग? तेव्हा सह्या घे, कोर्टात जा, बुलडोझरसमोर झोपायचं असेल तर मला पहिली झोपव. फक्त जो कधी झालाच नाही त्याला नाव देऊ नका. आणि दिलंच, तर घरी ये म्हणू नका.

घे, झाली सही. शालिनी चिंतामण पागे. वाचता येते ना?

थांब. श्श. आत हालचाल झाली. दिवे लागायची वेळ झाली की उठतात. ऐक...

"वहिनी..."

ऐकलंस ना? तुलाही ऐकू आलं? बरं झालं. मला वाटायचं, मलाच येतं.

"वहिनी, दिवा लागला का? पान वाढता ना?"

आवाज ह्यांचाच आहे. खोकणंही ह्यांचंच. नवऱ्याला ना सख्खा भाऊ, ना चुलत. या घरात मला वहिनी म्हणणारं कोणी कधी नव्हतं ग. अमावास्येनंतर चौथ्या दिवशी पहिल्यांदा हाक आली. मी अजून एकदाही ओ दिलेली नाही. ओ दिली म्हणजे मान्य केलं, म्हणून देत नाही. काही न बोलता ताट नेऊन उंबऱ्याशी ठेवते.

तू जा आता, उशीर करू नको. फाटक नीट लाव. मी खीर गरम करते. उपाशी ठेवून कसं चालेल, अंग तर ह्यांचंच आहे ना.